शेवटची सोळा पानं

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. वहिनी मी सांगितलेला गुडघ्याचा व्यायाम करत नाही, हे मला इथे बसून दिसतंय. तिला म्हणावं, नणंद लांब राहते म्हणून ती आंधळी नाही.

तुझ्या भुताखेतांच्या पुस्तकांचा विषय मी आपणहून कधी काढत नाही. आज काढते, कारण मला भेटलेला माणूसच तसा आहे. नवे पेशंट. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलंय. आठवड्यातून चार दिवस मी त्यांच्या घरी जाऊन व्यायाम घेते. उमेदीत त्यांचं भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय होतं. पुस्तकं कसली, तर तुझीच. कवटी, रक्त आणि पदर सुटलेल्या बाया. दुकान कधीच गेलं, पुस्तकं इकडेतिकडे विकली गेली, पण खाटेखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पुस्तकं नाहीत, नुसते शेवट आहेत!

सून सांगत होती. नवीन पुस्तक आलं की काका त्याचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, सोडवून काढायचे आणि दोरीने बांधून गल्ल्यामागे ठेवायचे. लोक पुस्तक घरी न्यायचे आणि अडकायचे. खून कुणी केला, हडळ कोण, हे कळायला पुस्तक परत आणावंच लागे. मग काका तो फर्मा हातात द्यायचे, तिथल्या बाकावर बसून वाचायचा. एकही पुस्तक बुडालं नाही म्हणे.

तुला गंमत वाटेल म्हणून लिहिलं. भाचे मजेत आहेत.

तुझी,
चिंगी

८ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

गंमत? अगं, तुझं पत्र वाचताना माझ्या हातातली फ्रेम खाली पडली. गिऱ्हाईक समोर, त्याच्या नाकावर चष्मा अर्धा, आणि मी पत्र वाचतोय.

एकाच वाचनालयाचा, म्हणजे तुझ्या या काकांच्याच असणार, लंबगोल शिक्का मारलेली पुस्तकं माझ्याकडे दोन फळ्या भरून आहेत. फुटपाथवरून, रद्दीच्या दुकानातून, एका न्हाव्याच्या बाकाखालून मिळवलेली. आणि एकूण एक शेवटाशी अपुरी. मला वाटायचं, उंदीर, नाहीतर वाचणाऱ्यांचा हलकटपणा. ‘मेणाच्या डोळ्यांची राणी’ची दुसरी प्रत माझ्या पाहण्यात नाही. मुखपृष्ठ इतकं करकरीत आहे की हिरवा रंग आजही बोटाला लागेल असं वाटतं, आणि शेवटची सोळा पानं गायब. अपुरी प्रत म्हणजे काय, हे तुला नाही कळायचं. समोरचा दात पडलेली सुंदर बाई.

तुझी वहिनी म्हणते, घरात पाहुणे येणार असले की माझी भुतं आधी माळ्यावर जातात, मग चादरी बदलल्या जातात. खरं आहे. इतकी वर्षं त्यांना खाकी कव्हरं घालून मी ‘डोळ्यांचे विकार, भाग अमुक’ लिहीत आलोय. पण पुरी झाली ना चिंगे, तर मी ती उघडी मांडेन. काचेच्या कपाटात.

तू फक्त एवढं कर. ती पेटी सहज मागून बघ. त्यांना आता तिचा काय उपयोग?

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

उपयोग आहे, आणि तो मीच काढलाय.

काका हाताचा कुठलाही व्यायाम करत नव्हते. रबरी चेंडू दिला तर तो खिडकीतून बाहेर. एक दिवस मी पेटी ओढली आणि एक गड्डी त्यांच्या मांडीवर ठेवली. दोरीला गाठ होती. ती त्यांनी सोडवली. अर्धा तास लागला, कपाळावर घाम आला, पण सोडवली, उजव्या हाताने. आता रोज एक गड्डी सोडायची आणि परत बांधायची. मध्ये पहिलं पान मोठ्याने वाचायचं. आधी नुसता घशातून आवाज यायचा. काल ‘दार’ म्हणाले. स्पष्ट. पुस्तकात दार उघडत होतं बहुतेक, त्यामागे कोण ते आम्हाला आज कळेल. मला त्या असल्या गोष्टी आवडायला लागल्यात असं समजू नकोस.

सुनेला मात्र ते कागद डोळ्यांसमोर नकोत. तिच्या मुली मोठ्या होतायत आणि काका भरदुपारी ‘तिने गळ्याला दात लावले’ वाचायचा प्रयत्न करतायत. मी तिची समजूत घातलीय.

तेव्हा पेटी विसर.

चिंगी

२१ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

विसरलो. तू म्हणतेस ते बरोबर आहे, माणूस आधी, कागद मागून. माझं मलाच वाईट वाटलं.

त्यांना वाचायला बारीक अक्षर जड जात असणार. दुकानात पितळी दांड्याचं एक चांगलं भिंग आहे, ते पाठवून देतो. पत्ता कळव. सूनबाईंच्या नावे पाठवलेलं बरं पडेल.

दादा

२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

मी आईला नेहमी म्हणायचे ना, दादा बाहेरून कोरडा, आतून ओला. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत, तळमजला. सुनेचं नावही लिहिलंय.

काका आता अर्धं पान वाचतात. शब्द तुटतात, पण तुटलेले शब्द मी ओळखते आणि सूनही ओळखायला लागलीय. काल ती स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो बाबा, पण तो मेला होता ना?” आणि काकांनी मान हलवली. नाही म्हणून!

चिंगी

२ एप्रिल

प्रिय दादा,

महिनाभर लिहिलं नाही. तुला वाईट वाटणार हे माहीत होतं, म्हणून टाळत होते.

पेटी गेली. ‘जुनी छपाई जतन मंडळ’ म्हणून कुठलीशी संस्था आहे, तिचं सुनेला पत्र आलं. आपल्या सासऱ्यांचं कार्य मोलाचं आहे, कागद आमच्याकडे काचेच्या कपाटात जपले जातील, शेजारी त्यांच्या नावाची पाटी लागेल, वगैरे. वाहतूकवाला येऊन पेटी घेऊन गेला. बिचारी हरखून गेली. ज्या कागदांची तिला लाज वाटत होती ते मोलाचे निघाले. काकांना म्हणाली, “बाबा, तुमचं नाव लागणार!” मी तेव्हा दुसऱ्या पेशंटकडे होते. असते तर अडवलं असतं. मोलाचं असो नाहीतर बिनमोलाचं, बरं होईपर्यंत थांबा म्हटलं असतं.

काकांनी व्यायाम सोडलाय. गड्डीऐवजी मी बुटाची नाडी दिली, त्यांनी ती माझ्याच हातात परत ठेवली. दुपारी दाराशी खुर्ची ओढायला लावतात आणि बाहेर बघत बसतात. सुनेला वाटतं मंडळाचे लोक पाटी घेऊन येतील म्हणून वाट बघतायत. मला तसं वाटत नाही. ‘दार’ हा शब्दही गेला.

तुला ते शेवट मिळाले नाहीत याचं मला वाईट वाटतं रे. तू मनाचा मोठेपणा दाखवून मागे सरलास आणि कोणीतरी तिसराच घेऊन गेला. भिंग अजून आलेलं नाही. पोस्टात गहाळ झालं का, चौकशी कर.

तुझी,
चिंगी

९ एप्रिल

प्रिय चिंगी,

वाचून वाईट वाटलं. पण तू मनाला फार लावून घेऊ नकोस, अशा आजारात चढउतार व्हायचेच. संस्था असेल तर कागद नीट तरी राहतील. नाहीतरी निम्म्याअधिक फर्म्यांना कसर लागलेली होती, अजून दोन वर्षांत भुगाच झाला असता.

भिंगाचं बघतो. दुकानात सध्या गडबड आहे.

दादा

१३ एप्रिल

दादा,

कसर लागलेली होती हे तुला कसं ठाऊक?

मी कधी लिहिलं नव्हतं. मी रोज वरच्याच गड्ड्या काढत होते, त्यांना कसर नव्हती. खालच्यांना होती की नाही हे मलाही माहीत नाही.

चिंगी

२० एप्रिल

चिंगी,

चार कागद फाडले, हा पाचवा.

मंडळ म्हणजे मीच. पत्र मी लिहिलं, पत्ता तुझ्याकडून काढला. भिंग इथेच ड्रॉवरमध्ये आहे, पाठवायचा विचार खरोखर होता, पण ते पाठवलं असतं तर नाव कळलं असतं.

तुझ्या पत्रातलं ‘सुनेला कागद नकोत’ एवढंच मी धरून बसलो. स्वतःला म्हटलं, घरचेच नको म्हणतात, मग ही चोरी कसली. पुढचं-मागचं सगळं वाचलं होतं, पण वाचलं नाही असं केलं. आणि तू जेव्हा ‘तुला मिळाले नाहीत याचं वाईट वाटतं’ असं लिहिलंस, तेव्हा पेटी माझ्या पायाशी होती. तुझं पत्र मी तिच्यावरच ठेवून वाचलं.

परत पाठवलीही असती गं. पण बाइंडरकडून सगळी पुस्तकं बांधून आली आहेत. शेवट ज्याच्या त्याच्या जागी शिवले, कडा कापून सारख्या केल्या. आता वेगळं करणं म्हणजे पुस्तक फाडणं. सगळ्या शेवटांच्या झेरॉक्स काढून, दोरीने बांधून पाठवतो. गाठी तशाच घालीन. त्यांना चालेल का?

तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. ती कपाटाची काच पुसते आणि म्हणते, आता कशी माणसात आली तुमची भुतं. मी दुकानात जाऊन बसतो.

दादा

२७ एप्रिल

दादा,

झेरॉक्स पाठवू नकोस. पांढरेशुभ्र कागद बघून ते काय समजतील याची तुला कल्पना येत नसेल तर मी काय सांगू? हात गेलाय त्यांचा, डोकं नाही.

तुझ्यावर मी जितकी चिडलेय त्याहून जास्त स्वतःवर. पेशंटच्या घरात जे दिसतं ते त्या घराच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नसतं, हे मी शिकाऊ मुलींना सांगत आले. आणि मी ते करमणूक म्हणून तुला लिहीत बसले. सुनेचं नावसुद्धा दिलं. परवा ती मला म्हणाली, “ताई, मंडळाला पत्र टाकू का हो? पाटी राहू दे, दोन गड्ड्या तरी परत द्या म्हणावं, बाबा जेवत नाहीत धड.” मी तिच्याकडे बघू शकले नाही. काकांचा हात चोळत राहिले.

तू ये. पुस्तकं घेऊन ये, बांधलेली तर बांधलेली. त्यांच्यासमोर उभा राहून सांग की मंडळ कोण. मी तुझ्या वतीने एक अक्षर बोलणार नाही, आणि तू येईपर्यंत तुला लिहिणारही नाही.

चिंगी

२० मे

प्रिय चिंगी,

काल जाऊन आलो. मुद्दामच तू नसतेस तो दिवस बघितला. तुझ्या घरावरून गेलो, वर आलो नाही. एका दिवसात दोनदा मान खाली घालायची ताकद नव्हती.

दोन पिशव्या घेऊन दारात उभा होतो. सूनबाई म्हणाल्या, “मंडळाकडून का? या, या! बाकीचे कुठायत?”

“मंडळात मी एकटाच आहे.”

“म्हणजे अध्यक्ष तुम्ही?”

“अध्यक्ष, सचिव, शिपाई, सगळं मीच. माझं चष्म्याचं दुकान आहे. मंडळ वगैरे काही नाही. पुस्तकं पुरी करायला मला पानं हवी होती म्हणून तुम्हाला खोटं पत्र लिहिलं.”

त्यांना कळायला वेळ लागला. मग एकदम म्हणाल्या, “आणि पाटी?” शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या आत गेल्या. भांडी घासायचा आवाज आला, बराच वेळ, फार जोरात.

काका खुर्चीत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी ‘मेणाच्या डोळ्यांची राणी’ त्यांच्या मांडीवर ठेवली. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली, सोनेरी अक्षरांची नवी पाठ असलेली. त्यांनी डाव्या हाताने सरळ शेवट उघडला. पानं कुठे शिवलीत तिथून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत, घशातून ओढून काढल्यासारखं म्हणाले, “शे… वट… क… सा?”

सूनबाई दारात येऊन म्हणाल्या, “दुकानात सगळ्यांना विचारायचे ते. शेवट कसा वाटला म्हणून.”

मी म्हटलं, “छान आहे.”

ते बघत राहिले. चिंगी, माझ्या दुकानात काही लोक येतात, फलकावरची अक्षरं त्यांना पाठ असतात. दिसत काही नसतं, पण घडाघडा म्हणतात. मी काही बोलत नाही, नुसता बघतो, आणि ते आपोआप गप्प होतात. काका तसे बघत होते.

मी म्हटलं, “वाचला नाही.”

त्यांनी पिशव्यांकडे बोट केलं.

“कुठलाच नाही. बांधून आणले आणि कपाटात लावले.”

आणि ते हसले. आधी मला वाटलं काही होतंय त्यांना, मी उठलोच. पण हसत होते. डावीकडून हसू, उजवीकडून लाळ, डोळ्यांतून पाणी. सुनेकडे मान वळवून, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “वाचला… च… नाही!”

सूनबाईंच्या हातातला कप तिरका झाला. “बाबा, काय म्हणालात? परत म्हणा!”

“वाचलाच नाही!”

त्यांनी शेजारच्या बाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरचे कोणी आजोबा आले. काकांनी प्रत्येकाला सांगितलं आणि प्रत्येक वेळी सूनबाईंनी समजावून सांगितलं की हे गृहस्थ कोण, यांनी काय केलं आणि काय वाचलं नाही. मी मधोमध स्टुलावर बसून होतो. लोक त्यांना शाबासकी देत होते आणि मला बघत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, “इतका आटापिटा केला आणि वाचलं नाही? मग केलं कशाला?”

पुस्तकं तिथेच ठेवून आलो. सगळी. निघताना वाचू का म्हणून राणीला हात लावला, तर त्यांनी ती मांडीखाली सरकवली. भिंग टेबलावर ठेवलंय.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. ती रिकाम्या कपाटाकडे बघत एवढंच म्हणाली, “चिंगीला तोंड कसं दाखवणार?” मी म्हटलं, दाखवलं नाही.

दादा

२९ मे

प्रिय दादा,

इथवर येऊन मला न भेटता गेलास हे सुनेकडून कळलं, तेव्हा राग आला. तुझं पत्र वाचलं, तेव्हा तेवढा राहिला नाही. संपलाय असंही समजू नकोस.

तुला सांगायला हवं ते सांगते. काकांनी शिलाई उसवायला घेतलीय. सुनेकडून कात्री मागून घेतली आणि राणीपासून सुरुवात केली. फर्मा सोडवायचा, दोरीने बांधायचा, बाजूला ठेवायचा. कात्री उजव्या हातात धरतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बोलले नाही, नजर लागेल म्हणून. पण हात थरथरतो रे. एक पान मध्ये फाटलं, आणि तुझं ते हिरवं मुखपृष्ठ कोपऱ्यात दुमडलंय. मी थांबवलं नाही. थांबवू शकले असते.

आणि दुसरं. मी दार उघडून आत पाऊल टाकलं की ते म्हणतात, “चष्मेवाल्यानं शेवट वाचलाच नाही.” अख्खं वाक्य, कर्ता-क्रियापदासकट. झटका आल्यापासूनचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. दूधवाल्याला म्हणतात, डॉक्टरांना म्हणाले, टेलिफोनवर लेकीला म्हणाले. आमच्या कामात जे वाक्य पेशंटच्या तोंडी बसलं ते सोडत नाहीत, त्याच्यावरून पुढची वाक्यं चढवतात. तेव्हा मी ते व्यायामात घेतलंय. सकाळ-संध्याकाळ म्हणून घेते. घ्यावं लागतं.

पण तू माझा भाऊ आहेस. हळूहळू सगळी गल्ली तुला या एकाच वाक्याने ओळखायला लागलीय, आणि तुला इथे कधी यायचं असेल तर त्या गल्लीतूनच यावं लागेल. सून आता निवळलीय, तीच म्हणाली, “ताई, ते तुमचे भाऊ ना? वाक्य बदलायचं का?” तू येऊन गेल्यावर मीच तिला ते सांगितलं होतं, तुला पत्ता मी दिला तेही. तू म्हणत असशील तर दुसरं काहीतरी बसवून बघते. वेळ लागेल, पण बघते.

चिंगी

४ जून

प्रिय चिंगी,

शिलाई पाठीच्या बाजूने कापायला सांग, आतून नको. पान फाटणार नाही. कात्रीपेक्षा छोटं ब्लेड बरं, पण ते त्यांच्या हातात देऊ नकोस.

रविवारी येतोय. आधी तुझ्याकडे. मग त्यांच्याकडे बसून वाचीन, देतील ते.

वाक्य बदलू नकोस.

दादा